फक्त कोर्टाच्या कामासाठी

गिरगाव,
९ मार्च १९५८

चि. मृणालिनीस अनेक आशीर्वाद.

दोन वर्षांनी तुझं कार्ड आलं. मायना नाही, खुशाली नाही; एकच ओळ. 'परीक्षेला नैसर्गिक कायद्यावर प्रश्न येतो, अर्थ कळवावा.' दादरहून गिरगावात यायला तुला सवड नाही, पण बापाचा उपयोग अजून आहे म्हणायचा! तुझ्या आईने ते कार्ड देवघरात ठेवलं आहे. तिचे गुडघे दुखतात, बाकी ठीक.

तर अर्थ. सरकारी कायद्याच्याही आधीचा, कुणी न लिहिलेला, माणसाला आतूनच कळणारा कायदा. एवढं लिही, मार्क मिळतील. जन्मभर कोर्टात शिरस्तेदारी केलेल्याने यापुढे बोलू नये.

पण तू परीक्षेसाठी विचारलेलं नाहीस, हे मला कळतं.

छप्पन्नच्या जानेवारीतली, संयुक्त महाराष्ट्राच्या गोळीबारातली ती दुपार. तळमजल्यावरचा गुणाजी गिरणीतून परतताना मांडीत गोळी लागून कसाबसा घरी पोचला होता. त्याची गंगुबाई धावत जिना चढून आली. "साहेबानू, तुमच्याकडे कर्फ्यूचो पास आसा. डॉक्टराक घेवन येवा." मी पास काढून तिला वाचून दाखवला : फक्त कोर्टाच्या कामासाठी. तू मागे उभी होतीस. "बाबा, डॉक्टर चार घरं सोडून राहतात," म्हणालीस. मी म्हणालो, नियम म्हणजे नियम. दिवेलागणीला गुणाजी गेला. आठवड्याने तू दादरला मावशीकडे राहायला गेलीस.

मला नियम आडवा आला नव्हता गं. आदल्याच दिवशी त्याच पासावर मी तपकीर आणायला गेलो होतो. त्या दुपारी गोळ्यांचे आवाज ऐकले आणि भ्यालो. एवढंच.

गंगुबाई हल्ली करी रोडला भावाकडे असते. दोन्ही दिवाळ्यांना येऊन माझ्या पाया पडली. "तुमचो काय दोष? कायदोच तसो." मी पाय मागे घेतले नाहीत. तुझं कार्ड आल्यावर मात्र राहवेना. काल जाऊन तिला तपकिरीचं सांगितलं.

ती तांदूळ निवडत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "दोन वर्सां मी कायद्याक शिव्या घालतंय, साहेबानू."

मी निघालो तेव्हा ती उठली नाही. पाया पडली नाही. मला ते बरं वाटलं, आणि जिन्यात रडू आलं.

आईला भेटून जा. मी त्या वेळी बाहेर जाईन.

तुझा अपराधी
बाबा