बटण, बटण, चित्र, बटण

३ फेब्रुवारी, सोमवार

आलाच शेवटी तो मेल. सर्व्हरवाल्यांचा. जुना सर्व्हर महिनाअखेर बंद. ज्यांना यायचं त्यांनी नव्यावर या, तिथे तुमचं जुनं काही चाललं नाही तर आमची जबाबदारी नाही, कळावे. गोड बोलून गचांडी!

म्हणजे आमच्या पळणाऱ्यांच्या मंडळाची साइट महिनाअखेर मरणार. मी लिहिलेली. आम्हा आंधळ्यांना दर रविवारी एकेक डोळस वाटाड्या जोडून देणारी. तिच्यात रंग नाही, चित्र नाही, नुसती अक्षरं. डोळसांना ती भिकार दिसते म्हणे. दिसू दे! माझा पोपट – संगणकात बसून पडद्यावरचं वाचून दाखवणारा तो घोगरा आवाज – तिला घडाघडा वाचतो. कुठेही अडत नाही.

दुपारी सचिवाचा फोन. "सोड ना आता, तिचं वय झालं. माझं अ‍ॅप तयार आहे. ठसठशीत रंग, आणि बटणं बघ केवढाली!"

मी म्हटलं, "मोठी बटणं मला कशाला? बसायला?"

तो हसला नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

अ‍ॅप घेतलं. उगाच न बघता नावं ठेवली असं कुणी म्हणायला नको. हॉस्पिटलात – तिथे फोन जोडून देणारी मी – जेवणाच्या सुट्टीत, टेलिफोनच्या खोलीत बसून लावलं. फोन वाचायला लागला – "बटण. बटण. चित्र. बटण."

बस्स. एवढंच! कुठलं बटण कशाचं, एकालाही नाव नाही. रंगावरून ओळखायचं म्हणे. धन्य!

धीर करून तिसरं दाबलं. ते निघालं 'तातडीची मदत'. दादा ऑफिस सोडून रिक्षाने निघाला. बसवालीने – माझी वाटाडी, खरोखरच बस चालवते – भर थांब्यावर गाडी उभी करून फोन लावला, "मेलीस की काय गं?" मागून प्रवासी ओरडत होते. सचिवाने मात्र कळवलं, "मदत पोचते, म्हणजे अ‍ॅप चालतंय!"

कानामागून आली आणि तिखट झाली.

नव्या सर्व्हरवर मीच हलवणार साइट. कुणाच्या बापाची मदत नको.

९ फेब्रुवारी, रविवार

मस्त पळाले! बसवाली एका टोकाला, मी दुसऱ्या, मध्ये हातभर दोरी. पोहण्याच्या तलावाचा वास आला की वळण, कुंपणाचं दार कुरकुरलं की फेरी पूर्ण. तिची टकळी अखंड. सासू, डेपोतला मॅनेजर, उजवीकडे खड्डा, गुडघा, डावीकडे कुत्रं. मला असंच लागतं. बोलणारं माणूस शेजारी असलं की रस्ता रुंद वाटतो.

सगळ्यांना नाही चालत. मास्तर – शाळेतून निवृत्त झालेले, आमच्यातले सगळ्यांत जुने – त्यांना पळताना चकार शब्द नको. म्हणून साइटवर नाव घालतानाच विचारते मी – बडबड किती? गप्प, बेताची की अखंड? वेग जुळला आणि बडबड जुळली की जोडी टिकते. हे कुठल्या अ‍ॅपवाल्याला सुचलंय का? सचिवाला म्हटलं तर म्हणाला, "हे असलं कोण भरत बसणार?"

१३ फेब्रुवारी, गुरुवार

हलवली. उघडली. पोपट वाचू लागला – "प्रश्नचिन्ह प्रश्नचिन्ह प्रश्नचिन्ह प्रश्नचिन्ह."

सगळी नावं गेली. मराठीचं एकूण एक अक्षर प्रश्नचिन्ह झालं. बसवालीची पाच, मास्तरांची अकरा. ऐकत बसले नुसती. मग चुलीत गेलं म्हणून उठले आणि कपडे वाळत घातले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सचिवाने परस्पर सगळ्यांना कळवून टाकलं – साइट नादुरुस्त आहे, या रविवारची नोंदणी अ‍ॅपवरच. मला विचारलं? नाव नको.

वहिनीला म्हटलं, तेवढं नाव घालशील का माझं? ती लगेच हो म्हणाली. तिला असल्या गोष्टींत कौतुक फार. "अगंबाई, छान आहे की हे! केशरी बटण किती गोड!" गोड आहे हे ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण गप्प बसले. अडला हरी!

१६ फेब्रुवारी, रविवार

दार आपटून लिहायला बसलेय. रागाने.

पहाटे उठले, बूट बांधले, मैदानावर गेले. दोरी खिशात. सगळ्यांना जोड्या मिळाल्या, मला कुणी हाक मारीना. बसवालीची जोडी दुसरीशी लावलेली. माझं नावच नाही. ती म्हणाली, "अगं, मला वाटलं तू येत नाहीस!" दोरीच्या एका टोकाला दोघींनी धरून पळता येत नाही. कुंपणाला टेकून उभी राहिले. सगळे पळत होते. पावलं येत होती, जात होती.

घरी आले तर वहिनी म्हणते, "काल तुला शिंका येत होत्या ना, म्हणून मी केलीच नाही नोंदणी. उगाच आजारी पडशील! एक रविवार नाही गेलीस तर काय बिघडलं? उठून जाशील असं नव्हतं वाटलं."

मायेने म्हणाली. तेच तर! दुष्टपणाने म्हणाली असती तर भांडले असते. ह्या मायेशी भांडायचं कसं? तरी भांडले. म्हटलं, "शिंका माझ्या, पाय माझे, रविवार माझा. तू कोण ठरवणार?" ती रडायला लागली. दादा मध्ये पडला, "जाऊ दे ना, एका रविवारचा प्रश्न." एका रविवारचा नाहीच. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. आज शिंका, उद्या ऊन, परवा पाहुणे. आणि एक दिवस मी खिडकीपाशी खुर्चीत बसलेली असेन आणि घरातलं कुणीतरी ठरवेल, आज हिला हवेवर न्यायचं का!

साइट उठवणार. ह्या घरातल्या दुसऱ्या कुणाच्याही बोटाने माझं नाव त्या यादीत जाणार नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

वहिनीने डबा भरून दिला, बोलली नाही. मीही नाही. डबा मात्र खाल्ला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सापडलं! साइटचा जुना भाग एका लिपीत लिहून ठेवतो, नवा दुसरीच समजून वाचतो. दोघे आपापल्या जागी बरोबर, मध्ये आमचा खिमा. नवऱ्या-बायकोचं भांडण असावं तसं. एक ओळ बदलली, पुन्हा भरलं, आणि पोपटाने बसवालीचं नाव घेतलं. अस्सं घोगरं, सपाट, तरी कानात साखर पडली. टेलिफोनच्या खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या. नेमका तेव्हाच हाडांच्या विभागातून फोन. त्यांना म्हटलं, "थांबा, मी आनंदात आहे." थांबले बिचारे.

सगळ्यांना कळवलं – रविवारी जोड्या साइटवरूनच लागतील. हो, मीच कळवलं. परस्पर!

२३ फेब्रुवारी, रविवार

हात दाखवून अवलक्षण.

जोड्या लागल्या. लागल्या म्हणजे अशा लागल्या की विचारू नका. मास्तरांना मिळाली बसवाली. पहिल्या वळणापर्यंत त्यांना तिच्या सासूची पित्ताची पिशवी पाठ झाली. दुसऱ्या फेरीत ते दोरी सोडून गवतात बसले. म्हणाले, "मी इथेच बरा." ती बिचारी बावरली, "मास्तर, काही दुखतंय का? माझ्या मामांनाही असंच..."

आणि मला कोण? मौनीबाबा! भला माणूस, बँकेत कॅशियर, पण तोंडात मिठाची गुळणी. पायरी आली की सांगतो. आल्यावर! "पायरी," म्हणाला तेव्हा मी तिच्यावरून खाली आलेली होते. गुडघा सोलला. रक्त आलंय हेही त्याने उशिराच सांगितलं.

सचिव जवळ आला. मला वाटलं आता हिणवेल. "लागलं का फार?" एवढंच विचारलं. मग म्हणाला, "शनिवारी बैठक घेतोय. एकदाचं ठरवूया. हे असं लोकांच्या जिवाशी खेळून चालणार नाही."

जिवाशी! माझा गुडघा, आणि जीव ह्याचा वरखाली.

पण खरं सांगू? भीती वाटली. चूक माझ्याच साइटची आहे. मला ती सापडली नाही तर?

२५ फेब्रुवारी, मंगळवार

दोन दिवस शोधतेय. वेग बरोबर. पत्ते बरोबर. फक्त बडबड उलटीपालटी. वहिनीने गुडघ्याला औषध लावलं. फुंकर घालत होती. बोललो मग. ती म्हणाली, "मला कळत नाही गं, तुला जाऊ द्यायचं म्हणजे किती जाऊ द्यायचं." मी म्हटलं, "सगळं." ती म्हणाली, "बघते."

२६ फेब्रुवारी, बुधवार

सापडली! आणि गाढव मीच. 'गप्प' म्हणजे शून्य, अशी नोंद मीच ठेवली होती. नवा सर्व्हर शून्य पाहून म्हणतो, ह्याने काही भरलंच नाही. आणि ज्याने भरलं नाही त्याला 'अखंड' द्यायचं, हेही मीच कधीतरी लिहून ठेवलेलं – मला वाटायचं, न सांगणाऱ्याला बोलकं माणूसच हवं असणार. म्हणजे गावातले सगळे मुके एका रात्रीत वाचाळ!

हसून हसून खोकला आला. दुरुस्त केलं. तीनदा जोड्या लावून पाहिल्या. तिन्ही वेळा मास्तरांना मौनीबाबा.

आता या म्हणावं शनिवारी!

१ मार्च, शनिवार

बैठक मैदानाच्या कोठीत. चटयांचा कुबट वास, खुर्च्या कमी, अर्धे उभे. सचिवाने मुद्दे काढले. मध्येच अडखळला, कागद शेजाऱ्याकडे दिला, "वाच जरा, चष्मा विसरलोय." मनात म्हटलं, स्वतःचा कागद वाचता येईना आणि हा आम्हाला शिकवणार!

मुद्दे ठीक होते. नव्या वाटाड्यांना अ‍ॅप सोपं. साइट एकटीच्या भरवशावर. ती आजारी पडली तर? हे शेवटचं बरोबर आहे, बोचलंच. मग म्हणाला, "नाही जमलं कुणाला तर घरचे असतातच ना मदतीला."

तिथे माझं डोकं फिरलं. उठले. तयारी केलेलं भाषण विसरले. म्हटलं, "घरचे असतात! चांगले असतात! माझ्या वहिनीसारखी वहिनी कुणाला मिळायची नाही. आणि तिने मायेपोटी माझा रविवार बुडवला, कारण बटण तिच्या बोटाखाली होतं. पळताना हातात दोरी असते, ती मी मागितलेली असते. घरी बसून दुसऱ्याने माझं नाव घालायचं की नाही ठरवायचं, ही दोरी मी मागितलेली नाही! साइट चुकली, मान्य. चूक सापडली, सुधारली. परत चुकेल, परत सुधारीन. आणि एकटीच्या भरवशावर नको असेल तर शिकायला या, दार उघडं आहे. पण मला मुकी बटणं देऊन 'घरच्यांना विचार' म्हणू नका."

मग कोपऱ्यातून मास्तर. गप्पवाले मास्तर! "त्या दिवशी फार बोलल्या त्या," म्हणाले. बसवाली म्हणाली, "सॉरी हो मास्तर." ते म्हणाले, "असू दे. पण नाव मी घातलं होतं. माझं मी. साइट राहू दे."

हात वर करा म्हणाले. किती ते मला कसं दिसणार? बसवालीने कानात सांगितलं, "सगळे गं. सचिवाचासुद्धा."

सचिवाचासुद्धा! ते कळलं नाही. हरल्यावर शहाणा झाला असेल. मी मात्र घरी येईपर्यंत शीळ घालत होते. दादा म्हणाला, "झालं का रणांगण?" म्हटलं, "जिंकलं!"

२ मार्च, रविवार

जोड्या बरोबर. बसवाली अखंड. गुडघा ठणकतोय, पळाले तरी. घरी आल्यावर वहिनीने विचारलं, "पुढच्या रविवारचं नाव घातलंस?" घातलं म्हटलं. बरं म्हणाली.

८ मार्च, शनिवार

सकाळी सचिव घरी आला. सोबत बायको. जिन्यावर पावलं ऐकली – ती एक पायरी पुढे, तो मागे चाचपत. ही चाल मला ओळखू येणार नाही तर कुणाला?

म्हणाला, "वाटाड्यांतून माझं नाव काढ. पळणाऱ्यांत घाल." मधलं दिसेनासं झालंय, कडेचं थोडं उरलंय, तेही जाणार म्हणतात डॉक्टर. गेल्या वर्षापासून माहीत होतं. बायकोशिवाय कुणाला बोलला नव्हता.

त्याच्यावर इतकी ओरडले होते मी. मग संगणकापुढे खुर्ची ओढली, त्याचा हात धरून खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

म्हटलं, "बस. नाव तू घालायचंस, मी नाही. आधी तो पडदा बंद कर, आणि ऐक."