पेट्रोलपुरतं कार्ड

बाबा, तुम्ही गेल्यावर कारखान्यातून आलेल्या पैशांची एफडी मी मोडलेली नाही, हे आधी सांगतो, नाहीतर पुढचं तुम्ही ऐकणार नाही. पण ती बँकेत तारण ठेवून तिच्यावर क्रेडिट कार्ड घेतलं आहे. चिडू नका. उधारीवरचा तुमचा राग मला माहीत आहे. इतकी वर्षं झाली तरी तो दिवस डोळ्यांसमोर आहे. वरठीच्या कारखान्यात सायकलने ये-जा करून साठवलेले पैसे बंडीच्या खिशात घेऊन आपण भंडाऱ्याला मोटारसायकल घ्यायला आलो आहोत, शोरूमवाला हप्ते समजावतो आहे, आणि तुम्ही विचारता, "मंग गाडी मायी राहीन, का बँकेची?" सगळे हसले. तुमच्यामागे बसून घरी येताना माझी छाती फुगलेली.

मागच्या साली त्याच भंडाऱ्यात मी मालवाहू ऑटोसाठी कर्ज मागायला गेलो. जिच्याशी मला लग्न करायचं होतं, तिच्या वडिलांनी तोंडावर सांगितलं होतं, "कालेज सोडून फिरनाऱ्याले पोरगी देत नसतो. सोताची गाडी दाखव, मंग बोल." बँकेतला काउंटरवाला म्हणाला, "दादा, तुमचा क्रेडिट स्कोरच नाही." मी भडकलो. "आमच्या घरी कोनाचा एक रुपया बाकी नाही!" "तेच तं सांगून राहिलो. कधी घेतलंच नाही, तं परत करता का नाही, आमाले कसं समजन?" कॉलर धरायचीच बाकी होती.

स्कोर तयार व्हावा म्हणून कार्ड घ्यायची युक्ती त्या मुलीचीच. ती गावच्या सेतू केंद्रात कॉम्प्युटरवर बसते. "फक्त पेट्रोल टाक त्याच्यावर," तिने बजावलं. "मर्यादा हाय म्हनून सारी वापरू नको, थोडीच वापर. बिल आलं का पूर्ण भर. किमान रक्कम लिवून राहते, तिच्याकडं पाहूच नको, बाकीच्यावर व्याज चढते." मी म्हटलं, एकदम मोठी खरेदी करतो, स्कोर लवकर वाढेल. "चूल हाय का थे, फुंकली का पेटली?" कॉलेजात सरांशी भांडून मी घरी आलो, त्या दुपारी तुम्हीही ताटावरून न उठता असंच बोलला होता, "तुले घाई कायची हाय? लगन लागून राहिलं का तुयं?" तेव्हा घाई नव्हती, बाबा. उगाच सोडलं. या वेळी खरोखर होती, आणि मी थांबलो.

तुमच्याच मोटारसायकलीत पेट्रोल टाकत, बिल तारखेच्या आत भरत थांबलो. कोणाशी न भांडता एवढी एकच गोष्ट आयुष्यात नीट केली. स्कोर आला, चांगला आला. आता कर्ज होईल, असं तोच काउंटरवाला हसून म्हणाला. मी तसाच केंद्रावर गेलो. तिने मोबाइलवर आकडा पाहिला. "मस्त हाय ना," म्हणाली. मग खाली पाहून, "रविवारी पाहुणे आले होते. जवाहरनगरचा हाय, फॅक्टरीत पर्मनंट. बाबानं सुपारी फोडली."

"तू काहून बोलली नाही?"

"बोलली ना. आली का त्याची गाडी, म्हने बाबा. मंग काय सांगू मी?"

माझ्यामागे सातबारासाठी उभा असलेला म्हातारा म्हणाला, "बापू, तुयं झालं असन तं सरक ना." मी सरकलो. मारावं तरी कोणाला? यात कोणीच चुकलं नाही, हेच सहन होत नाही.

ऑटो घेतला नाही. कार्ड चालू आहे. हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून सगळं लिहितो आहे. बिलाची शेवटची तारीख जवळ आली की तिचा मेसेज यायचा, 'भरलं का?' या महिन्यात पैसे खात्यात असून मी भरले नाहीत, त्या मेसेजची वाट पाहत. आज शेवटची तारीख. संध्याकाळी फोन वाजला, धावत जाऊन उचलला. बँकेचा होता, रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज. तो मी शेवटपर्यंत ऐकला, आणि समोर कोणी नाही हे माहीत असून म्हणालो, "हो, भरतो."

अजून भरलेलं नाही, बाबा.