नक्शा कुणाचा

४ बहमन, १३४६ फसली
अंगरख्याचं हिमरू कापड आज मागावरून उतरलं. रेशीम, सूत, रंग दुकानाच्या वहीत आहेच. खरा खर्च निराळा. नक्शा, म्हणजे वेलबुट्टीचा नमुना, दोऱ्या-दोऱ्यांत बांधायला युसूफचे अडीच महिने, वर त्याचे डोळे. आता सुईत दोरासुद्धा बायकोकडून ओवून घेतो.
मागच्या खोलीत तो मागावर, पुढं गादीवर मी. मागाची खटखट जरा चुकली की मी ओरडतो, "युसूफ, धागा तुटला!" दर वेळी खरं निघतं. असे कान अख्ख्या औरंगाबादेत नाहीत.

९ बहमन
हैदराबादचे एक जहागीरदार आले. कापड उजेडाकडं धरून उलटसुलट पाहिलं. मग, "नक्शा किसका?"
"बंदे का." गेलंच तोंडातून. यू. दारात उभा, हातात चहा.
देवगावहून गाठोडं डोक्यावर घेऊन आलो, औरंगपुऱ्यात दुकान उभं केलं. तेवढं पुरे नव्हतं? नक्शा शिकायला एकाच उस्तादापुढं बसलो होतो मी अन् यू. तीन महिन्यांत मी उठलो. तो बसून राहिला. ते अजून सलतं.

१० बहमन
ज. साहेब परत हजर. म्हणाले, एक वेल आमच्यासमोर बांधा. मला साधी गाठ येत नाय.
यू. पुढं झाला. "सेठ की उंगलियाँ सूजी हैं, हुजूर. ये बोलते, मैं बांधता." मग माझ्या कानाशी, "बोल की काहीतरी, गण्या."
बोललो. डावीकडं घे, आता वर. तो "जी सेठ, जी सेठ" करत मान डोलवत होता अन् बांधत होता स्वतःच्या मनातलं. साहेब खूष. आणखी दोन कापडं सांगून गेले.
जेवण गेलं नाय.

१२ बहमन
यू. लहानपणापासून गण्या म्हणतो मला. सेठ फक्त लोकांत. आज दोघंच होतो.
"युसूफ, परवा लई वाईट झालं रे माझ्याकडून."
"जाने दो, सेठ."
"सेठ कुणाला म्हणतोस?"
"मग? आता वेल कुठं वळवू ते सांगा. डावीकडं का वर?" हसला. मला हसू आलं नाय.
म्हटलं, साहेबांना खरं कळवतो. त्यानं धोटा उचलला.

१७ बहमन
पत्र लिहून झालंय. चार दिवस गादीखाली आहे.
तेव्हापासून ओरडणं बंद. नुसता कान देऊन बसतो. आज तीनदा धागा तुटला. तिन्ही वेळा माग आधीच थांबला होता, यू. गाठ मारायला लागला होता. मी ओरडायचो ते त्याच्यानंतर.