बाबांनी तोललेल्या गोळ्या

२ जानेवारी
तीन आणि आठ. बाबांना आता तिनाच्या जागी आठ दिसतो.

ते अंघोळीला गेले तेव्हा त्यांनी 'मॅच' म्हणून निवडलेल्या गोळ्या मी पुन्हा वजनकाट्यावर ठेवून पाहिल्या. जड, हलक्या, सगळी सरमिसळ. सरावात उडवायच्या त्या मॅचच्या डबीत, आणि चांगल्या सरावाच्या ढिगात.

घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून हेच त्यांचं काम. माझ्या रायफलीच्या गोळ्या एकेक करून तोलायच्या, एका वजनाच्या मॅचसाठी बाजूला काढायच्या. जेवण विसरतात, हे नाही.

हे त्यांना कोणत्या तोंडाने बोलू?

९ जानेवारी
रेंजवर सरांनी रायफल शिकंज्यात आवळली. म्हणजे माझा हात नको, माझा श्वास नको. मग एकेका लॉटच्या गोळ्या झाडल्या. कंपनी तीच, डबी तीच, पण लॉट बदलला की गोळीचा स्वभाव बदलतो. पहिल्याची भोकं टार्गेटवर पांगली. दुसरा बरा. तिसऱ्याची एकात एक, शर्टाच्या बटणाखाली झाकली जातील अशी.

शेवटी बाबांची एक डबी दिली. भोकं पहिल्या लॉटपेक्षाही पांगली. सरांनी टार्गेटची घडी घातली. मग म्हणाले, "त्यांना सांगू नकोस. पण मॅचला तिसरा लॉटच ने."

ज्या हातांनी केसाएवढी स्प्रिंग बसवली, ते हात अजून तसेच आहेत. डोळ्यांनी दगा दिला.

१० जानेवारी
तिसऱ्या लॉटच्या डब्या बॅगेच्या तळाशी, टॉवेलखाली. चोरीचा माल असल्यासारख्या!

१६ जानेवारी
उद्या निवड चाचणी. बाबांनी डबी हातात दिली. "डोळे मिटून भर," म्हणाले. "यातली एकही घात करणार नाही."

"हो बाबा."

१७ जानेवारी
गेलं.

चौघींना घेतलं, मी पाचवी. गोळ्यांनी चोख काम केलं. मीच चुकले — वारा फिरला, वारा दाखवणारी समोरची फडकी फिरलेली दिसत होती, तरी चाप ओढला. एकदा नाही, दोनदा. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. मला तर अंगणही सरळच मिळालं होतं.

बाबा दारातच उभे. निकाल ऐकला आणि विचारलं, "माझ्याच गोळ्या वापरल्यास ना?"

मी खांद्यावरची बॅग उतरवली. "हो" म्हणून टाकलं.

ते खुर्चीत बसले. "मग माझ्यामुळेच गेलं."

"नाही हो, वारा होता."

"वाऱ्याला नावं ठेवू नकोस."

२० जानेवारी
वजनकाटा कपाटात गेला. बाबा खिडकीशी बसून असतात. घास मोडतात आणि तसाच ताटात ठेवतात. आज आत्याला फोनवर सांगत होते, "पोरीचं वर्ष मी घालवलं." मी भांडी घासत होते. पुढचं ऐकू येऊ नये म्हणून नळ मोठा सोडला.

खरं सांगितलं तर कळेल, माझा त्यांच्यावर भरवसा नव्हता. नाही सांगितलं तर हे असं. इकडे आड, तिकडे विहीर.

२१ जानेवारी
आजही नाही जमलं.

२३ जानेवारी
सांगितलं. चहा समोर ठेवला आणि उभ्या उभ्याच बोलले. "बाबा, तुमची डबी मी उघडलीच नाही. दुसऱ्या गोळ्या नेल्या होत्या. चुकले ते मीच."

मला वाटलं, त्यांच्या छातीवरचा दगड उतरेल. त्यांनी कप बाजूला सारला.

"का नाही उघडलीस?"

"वजनं चुकतायत तुमची."

बाबा उठून आत गेले, दार लोटून घेतलं. चहा निवून गेला. मी तो ओतून टाकला आणि पुन्हा केला नाही.

२४ जानेवारी
सकाळी वजनकाटा पुन्हा टेबलावर. बाबा काचेवर फडकं फिरवत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आकडे दिसत नाहीत, हे मला पावसाळ्यापासून ठाऊक होतं. तरी डबी दिली तुला." फडकं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "मॅचच्या तू बघ. मला सरावाच्या आणून देत जा. त्या चुकल्या तरी चालतील."