आत ओढलेला होकार

सर,

आज मी तुमच्यावर संतापलो आहे. तुम्हांला जाऊन वीस वर्षे झाली, त्यामुळे प्रत्युत्तराचे भय नाही. माझ्या शौर्याला एवढी अनुकूलता पुरते. तुम्ही अमेरिकेत वैद्यक शिकलात, ऐन उमेदीची वर्षे इथिओपियातल्या इस्पितळात काढलीत, आणि अधूनमधून अमेरिकेला परतून तिथल्या तरुण डॉक्टरांना बजावत राहिलात, की रोग्याच्या देहाइतकीच त्याची रीतही तपासा. पुढे आमच्या कॉलेजात येऊन तेच आम्हांला सांगितलेत, पण हसत हसत: "इथिओपियात 'हो' म्हणताना माणसं श्वास झटकन आत ओढतात. धाप समजू नका, तो होकार असतो." इतकी गंभीर गोष्ट हसत सांगायची असते का? अस्मादिकांनी तिचे तत्काळ प्रहसन केले. स्नेहसंमेलनात मी तुमची नक्कल करतो आहे, तो श्वास असा ओढतो आहे की सभागृह गडगडते आहे, आणि पहिल्या रांगेत तुम्हीही डोळे पुसता आहात. दुसऱ्या दिवशी मात्र भर वॉर्डात म्हणालात, "नक्कल झकास होती. आता जरा ऐकायलाही शीक." या अपमानाचा सूड म्हणून मी तीच नक्कल दुबई मरीनातल्या मेजवान्यांत आजवर करत आलो.

परवा दुबईच्या शेजारच्या रास अल खैमातल्या माझ्या दवाखान्यात इथिओपियाची एक तरुणी आली. टाइल्सच्या कारखान्यात सफाईचे काम, दरवर्षीची तपासणी. संगणकावर अमेरिकेत बनलेली प्रश्नावली, आणि तिच्यासमोर श्वासविकारनिदानचक्रवर्ती मी. जेवण जाते? तिने श्वास आत ओढला. झोप लागते? पुन्हा तेच. काम झेपते? पुन्हा. एक्स-रे स्वच्छ, रक्तातला प्राणवायू उत्तम. तरीही 'बोलताना धाप' या चौकटीत मी खूण केली, 'कामास अपात्र' असा निर्णय दिला आणि खाली लफ्फेदार सही ठोकली.

आज दुपारी ती पुन्हा दारात उभी, रडत. आमची नर्स रत्नागिरीची. तिने दोन प्रश्न विचारले आणि माझ्याकडे वळली. "अहो डॉक्टर, हिला कुठली धाप? ही हो म्हणतेय! माझ्या रूमवर इथिओपियाच्या दोघी आहेत, त्या अश्शाच हो म्हणतात. स्टाफच्या पार्टीत तुम्हीच तर करून दाखवता ना हे?" मी कारखान्याच्या मॅनेजरला फोन लावला. "डॉक्टरसाब, टिकट बन गया, कल सुबह की फ्लाइट है," तो म्हणाला. "आज लिखके दो कि गलती आपकी थी, तो रोक दूँगा. नहीं तो खलास." नर्सने तिला पाण्याचा ग्लास दिला. "रो मत, डॉक्टर लिख रहे हैं." तिने श्वास आत ओढला.

तेव्हा सर, दोष तुमचा आहे. त्या दिवशी तुम्ही मला वॉर्डाबाहेर काढायला हवे होते, नापास करायला हवे होते. निरोगी बाईची भाकरी हिरावणारा हा महामूर्ख तुमच्या क्षमाशीलतेनेच पदवीधर झाला. प्रश्नावली बनवणाऱ्यांचाही समाचार घेणार होतो. राग आला की माझ्या वक्तृत्वाला भलतीच धार चढते. पण चूक माझी, असे लिहून दिले की डॉक्टरांना परवाना देणाऱ्या खात्यापुढे खुलासा करावा लागणार, हे मला ठाऊक आहे. पाच वाजले आहेत. मॅनेजर सहाला निघतो, आणि ती बाहेरच्या बाकावर बसून आहे. हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणूनच ते इतके सफाईने लिहून झाले. मॅनेजरला द्यायचे पत्र दोन ओळींचे आहे. ते मी अजून सुरू केलेले नाही.