एका बाईचं टेबल

शनि. १० जाने.
आज एकटीच गेले. निर्मला दिवाळीत मुलीकडे रत्नागिरीला गेली, पंधरा दिवसांसाठी म्हणून. संक्रांत आली. किती शनिवार घरी खिचडी खायची?

कॉटन मार्केटजवळचं आमचंच हॉटेल. टेलिफोन ऑफिसात लागल्यापासून दोघी दर शनिवारी इथेच जेवत आलो. खाली जनरल, वर फॅमिली. आमचं टेबल वर, खिडकीशी. गल्ल्यावर मालक.
"मॅडम, किती जण?"
"एक."
"एकाले वर नाही देत. शनिवारची गर्दी राह्यते. खाली बसा."

खाली एकही बाई नाही. वेटरने खुर्ची फिरवून भिंतीकडे केली. म्हणे, "लेडीज हाय, बरं नाही दिसत." नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर शिक्षा म्हणून भिंतीकडे तोंड करून उभं करायच्या. जेवायला कधी बसवलं नव्हतं. पातोडी-रस्सा खाल्ला. रस्सा बरा होता. भिंत मात्र हिरव्या ऑइल पेंटची, डोक्याच्या तेलाचे डाग.

म्हणजे लग्न केलं नाही तर फॅमिली नाही, आणि बाई आहे म्हणून जनरलही नाही. मग बसायचं कुठे?

सोम. १२ जाने.
नि.चा फोन. अर्धा तास खाण्यावर. बंदराकडे जाताना एक खानावळ आहे, घराच्याच पडवीत बाक टाकलेले. मालकीण स्वतः वाढते. तांदळाची भाकरी, सोलकढी. "अन् सांगू का, बांगडा खाल्ला मी." ही बाई गुरुवारी कांदासुद्धा खात नसे.

"तिथं एकेकट्या बाया येऊन जेवतात बघ. कोणी वळूनसुद्धा पाहत नाही."
म्हटलं, "आणि तू कोणाबरोबर जातेस?"
"जावई नेतात नं."
भिंतीचं तिला सांगितलं नाही. कधी येतेस, तेही विचारलं नाही. दरवेळी मीच का विचारायचं?

शुक्र. १६ जाने.
भाजी घेऊन येताना नि.च्या गल्लीतून आले. तिच्या दारात टेम्पो. कूलर, पाळणा, गाद्या उतरवत होते. तरणी बाई म्हणाली, "आम्ही भाडेकरू. आजीबाई आता तिकडंच राहणार म्हणे." आजीबाई!

घरी येऊन फोन लावला.
"अगं, सांगणारच होते तुले."
"कधी? भाडेकरूही घर सोडून गेल्यावर?"
"तू चिडतेस म्हणून तर..."
ठेवून दिला. आयुष्यभर लोकांचे फोन जोडले, आपला तोडायला एक सेकंद लागला नाही.

स्वयंपाक केला नाही. चहा-टोस्ट.

शनि. १७ जाने.
गेले. मुद्दाम गेले. आज खुर्ची फिरवली तर सगळ्यांसमोर बोलायचं ठरवून.

मालकांनी विचारलं, "त्या दुसऱ्या मॅडम दिसून नाही राह्यल्या बरेच दिवस?"
म्हटलं, "त्यांच्याविषयी मला काही विचारू नका." आवाज जरा फाटला. रात्रभर झोप नव्हती.

ते उभे राहिले. गल्ला सोडून माझ्यापुढे जिना चढले. खिडकीचं टेबल, एकटीला. फडक्याने स्वतः पुसलं. पाण्याचा जगही स्वतः आणून ठेवला. शेजारच्या टेबलावर पोरं मोबाइलवर गाणी लावून बसली होती, त्यांना बंद करायला लावली. मी भरीत-भाकरी मागवली. सावकाश जेवले.

जिंकले, असं वाटलं. समोरची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर पर्स ठेवली.

रवि. १८ जाने.
दुपारी शेजारची शोभा डबा घेऊन आली. नेहमी येते तेव्हा फाटकापासून बोलत येते. आज गप्प. डबा ओट्यावर ठेवला, माझ्या पाठीवरून हात फिरवला. हिने कधी मला हात लावला नव्हता. "दोन घास खाऊन घ्या, ताई. चूल नका पेटवू," म्हणाली आणि गेली.

डबा उघडला. भाकरी, आणि वरण. पिवळं धमक, वर तेलाचा टिपूस नाही. मोहरी नाही, जिरं नाही, मिरची नाही. बिनफोडणीचं.

हिच्या हातची फोडणी चार घरं खोकत बसतात. आपल्याकडे बिनफोडणीचं वरण कोणत्या घरी पाठवतात, ते मला कळतं. आईच्या वेळी हेच आलं होतं.

तशीच तिच्या दारात गेले. "शोभा, कोण गेलं?"
"काऊन असं विचारता? निर्मलाताई..." आणि पदर डोळ्याला. हॉटेलवाल्याने तिच्या नवऱ्याला सांगितलं. मॅडमनं नाव काढू दिलं नाही, म्हणे. तिनेही पाहिलं होतंच, दोन दिवस माझ्याकडून भांड्याचा आवाज नाही. नि.च्या घरात तर बिऱ्हाडही आलेलं.

"ती जिवंत आहे. रत्नागिरीला बांगडे खाते आहे."
"हाव?" शोभा माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मंग तुम्ही अशा काऊन दिसता?"

काय अक्कल पाजळतात ही माणसं. गावभर एका जित्या बाईला मारून ठेवलं. टेबल मिळालं ते म्हणून तर. माझ्या हक्काने नाहीच.

संध्याकाळी वरण गरम केलं. मीठ बेताचं होतं. सगळं संपलं.

मंगळ. २० जाने.
फोन मीच केला. तू मेलीस, म्हणून सांगितलं. नि. हसली, हसता हसता खोकली. "अन् बाराव्याचं काय ठरलं?"
मग मी डब्याचं सांगितलं.
"तू जेवलीस ते?"
"जेवले."
तिकडे मागे कोणाचं तरी पोर रडत होतं.
"इकडं ये नं तू," म्हणाली. "शेगावहून गाडी आहे, कल्याणले बदलायची. त्या पडवीत बसू आपण."
"आणि जावई?"
"त्यायले नाही नेणार."
बघते, म्हटलं. कसली बघते? चार दिवस पडवीत बसायचं, पाचव्या दिवशी परत इथेच.

शुक्र. २३ जाने.
उद्या शनिवार. मालकांना खरं सांगायचं तर पुन्हा भिंत. न सांगावं तर खिडकी, पण मग दर शनिवारी नि.ला मेलेली ठेवून जेवायचं. सुतकी चेहरा करायचा मला जमणार नाही, आणि त्यांनी पाणी आणून ठेवलं की माझ्याच्यानं गिळवणार नाही.

शोभा रिकामा डबा न्यायला आली. रिकामा देऊ नये म्हणून साखर घातली होती. गेली नाही, दारातच घुटमळली.
"ताई, दोघी असलो तं वर बसू देतात नं?"
"देतात."
"मी कधी हॉटेलात नाही जेवली. शेगावले दर्शनाले गेलो की कचोरी खातो, उभ्या उभ्या. मी येऊ का उद्या?"

शोभा तोंडात घास असताना बोलते. सुनेच्या तक्रारी सांगेल. चहा बशीत ओतून पिते. समोरच्या खुर्चीवर ती बसलेली मला दिसेचना.

"नवऱ्याला विचारलंस?"
"त्यायले काय विचाराचं? भात टाकून जाईन." मग आवाज खाली आणून म्हणाली, "फक्त मले जेवण मागवाची लाज वाटते. वाचता येते सगळं, पण तो वेटर समोर उभा राह्यला की... तुम्ही मागवसान का माह्यासाठी?"

मी साखर सांडेल, डबा नीट धर म्हटलं. ती गेली.

पहिल्या पगाराच्या शनिवारी माझंही जेवण निर्मलानेच मागवलं होतं. मला तोंड उघडायला जमलं नव्हतं.