अप्पांच्या व्हॅनला पाचवा गिअर

४ फेब्रुवारी
आज पुन्हा तेच. चारोटीच्या पुढे हायवेला लागले आणि मागून कंटेनरवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. गाडी चौथ्यात, काटा पन्नासवर, इंजिन बोंबलतंय, आणि चौथ्याच्या वर गिअरच नाही. व्हॅन माझ्यापेक्षा वयाने मोठी, कबूल. पण म्हणून काय तिने जन्मभर कडेकडेने चालायचं?
तलासरीला शाळेत पोहोचले तर स्टाफरूममध्ये सल्ले तयार. "मॅडम, छोटी ऑटोमॅटिक घ्या ना आता." घेणार नाही. हीच गाडी, आणि हिलाच पाचवा गिअर. ठरलं.

६ फेब्रु.
शाळा सुटल्यावर हसमुखभाईंच्या गॅरेजात. ते व्हॅनखाली आडवे झाले, बराच वेळ नुसते पायच दिसत होते. मग खालूनच आवाज. "बेन, बेसी जशे, पाचवाला बसेल. पण गाडीची फरस कापावी लागेल हां. अप्पांना विचारलं काय?"
विचारते म्हटलं.
त्यांच्याकडे ठोकलेल्या पिकअपचा पाच गिअरचा बॉक्स पडलाय. पिकअपची पुढची बाजू चेपलीय, बॉक्सला ओरखडा नाही.

८ फेब्रु.
अप्पांना सांगितलं. पेपरातून मान वर न करता म्हणाले, "त्या गाडीचा गिअरबॉक्स काढलास तर मी परत तीत पाय ठेवणार नाही."
"नका ठेवू," म्हटलं.
खरं तर जुन्या बॉक्सची तक्रार करायची ती त्यांनी. या गाडीचा तिसरा गिअर टाकला की उडतो, सुटून बाहेर पडतो. म्हणून चढावर डाव्या सीटवरच्या माणसाने गिअरचा दांडा धरून बसायचं, हा आमच्या घरचा रिवाज. आधी आई धरायची. ती गेली, मग डॉक्टरांनी डोळ्यांमुळे अप्पांचं गाडी चालवणं बंद केलं आणि चावी मी घेतली, तेव्हापासून अप्पा धरतात. एक हात दांड्यावर, नजर रस्त्यावर. गाडी तेच चालवतायत अशा थाटात.

१५ फेब्रु.
जुना बॉक्स खाली आला. काळा, तेलकट, जड. दोघांनी उचलला.
दादाचा वसईहून फोन. अप्पांनी कागाळी केलेली दिसतेय. "अगं, आहे तशी ठेव ना. लोक लग्नात फोटोला मागतात असल्या गाड्या." म्हटलं, नवरी बसवायला नाही ठेवली गाडी, शाळेत जायला ठेवलीय. त्याने विषय बदलला.

२२ फेब्रु. रविवार
लेथवाल्याने लोखंडी प्लेट करून दिली. एका बाजूला जुन्या इंजिनाची भोकं, दुसऱ्या बाजूला नव्या बॉक्सची. दोन अनोळखी कुटुंबांची सोयरीक. बसली! हसमुखभाईंनी प्लेटवर थाप मारली, मी पेढे आणले.
अप्पाही आज आले होते. रिक्षाने, वेगळे. गॅरेजात खुर्ची घेऊन गाडीकडे पाठ करून बसले. कटरने फरशीचा पत्रा कापताना मात्र उठून बाहेर चहाला गेले.
नवा बॉक्स लांब, म्हणून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट तेवढा कापून आखूड करायचा. माप मी घेतलं. स्वतः, टेप धरून. हसमुखभाई म्हणाले, "मी घेतो बेन." नको म्हटलं. माझी गाडी, माझं माप.

१ मार्च
शाफ्ट लांब पडला.
गाडी जॅकवर होती तेव्हा माप घेतलं मी. मागची चाकं लोंबकळत होती. गाडी जमिनीवर उतरवल्यावर ती वर आली, अंतर कमी झालं आणि शाफ्ट आत ठोकायला लागला. बी.एस्सी. बी.एड.!
घरी अप्पांना सांगितलं तर म्हणाले, "माहीत होतं."
"म्हणजे? तुमची तर पाठ होती!"
"तू माप घ्यायला लागलीस तेव्हा वळलो होतो."
"मग बोलला का नाहीत?"
"विचारलंस?"
जन्मभर रेल्वेत फिटर होते. एक शब्द टाकला असता तर काय बिघडलं असतं? अस्सा राग आलाय. पण आता तर बसवणारच. लेथवाला परत कापून देतो म्हणाला.

८ मार्च
धावली!!
तलासरीहून चारोटीपर्यंत. तिसरा, चौथा, आणि मग दांडा उजवीकडे वर. पाचवा. इंजिनाचा आवाज एकदम खाली आला, दुपारी जेवून आडवं झालेल्या माणसाच्या श्वासासारखा. काटा सत्तरच्या पुढे. एका टेम्पोला मी ओव्हरटेक केलं. मी! एकटीच मोठ्याने हसले.
पुलाच्या चढावर तिसरा टाकला आणि डावीकडे बघितलं. सवय. सीट रिकामी. दांडा जागचा हलला नाही.
घरी येऊन ओरडून सांगितलं, "अप्पा, पाचवा पडला!" टीव्हीचा आवाज वाढला.

११ मार्च
जुना बॉक्स घरी न्यायला गेले. हसमुखभाईंनी तो उघडून ठेवला होता. बोटाच्या पेराएवढी स्प्रिंग दाखवली, मोडकी. "हीच. हिच्यापायी तिसरा उडायचा. एवढंच काम होतं."
एवढंच? मग इतकी वर्षं?
"मी अप्पांना सांगितलेलं ने. तुमची मम्मी होती तेव्हा. अप्पा हसून बोलले, राहू दे, तिला पकडायला आवडते."
परत येताना गाडी आपोआप हळू चालवली गेली. हॉर्न वाजले मागून. वाजू देत.

१२ मार्च
बोलायचं नाही असं ठरवलं होतं. बोलले.
"तुम्हाला माहीत होतं ती स्प्रिंग आहे."
"हो."
"दुरुस्त का नाही केलीत?"
पानातला भात कालवत म्हणाले, "तुझी आई गाडीत बसली की खिडकीबाहेर बघायची. तिसऱ्यात तेवढी माझ्याकडे यायची."
मी विरघळायला हवं होतं का? नाही विरघळले. मला जव्हारचा घाट आठवला. आई मावशीकडे पोहोचली की आधी मनगटाला बाम लावायची. मावशी चोळून द्यायची. मी बघितलंय.
"तिचं मनगट दुखायचं, अप्पा."
"मला कधी बोलली नाही."
"तुम्हाला बोलली असती का?"
पान न संपवता उठले. मला वाईट वाटतंय, पण खोटं बोलले नाही मी. त्यांचं प्रेम होतं, हेही खरंच. पण असलं प्रेम की ज्यात एकाने हसायचं आणि दुसरीने मनगट चोळायचं! मोडकं ते मोडकंच. नवा बॉक्स राहणार.

१७ मार्च
अबोला. चहा घेतात, कप स्वतः विसळून ठेवतात. माझं रोजचं चाललंय, हायवेला पाचव्यात. आता कुणी हॉर्न देत नाही. पण गेटातून निघताना अप्पा उभे असायचे त्या ओटीवर बघते. ओटीवर कुणी नसतं.
संध्याकाळी जाऊन स्पष्ट म्हटलं. "रविवारी मावशीकडे जव्हारला जाणार आहे. तुम्ही चला. धरायचं काही नाही, नुसतं बसायचं."
"मग माझं काय काम तिथे?"
"काही नाही. काम नसलं तरी चला. मला तुम्ही हवे आहात गाडीत."
इतकं सरळ मी त्यांच्याशी कधीच बोलले नव्हते. ते म्हणाले, "बघू."

२२ मार्च. रविवार, सकाळ
अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याआधी तयार. चपला घातल्या. माझ्याकडे न बघता गाडीपाशी गेले, दार उघडलं आणि बसले.
स्टिअरिंगवर.
म्हटलं, "अप्पा, ती माझी सीट."
"माझीपण होती."
"डॉक्टर काय म्हणालेत?"
"डॉक्टर जव्हारला येतोय का? कैनाड गावापर्यंत चालवतो. रस्ता मोकळा असतो." मग नव्या दांड्याची मूठ चाचपली, एकेक गिअर नुसताच टाकून बघितला. तिसऱ्यात दांडा हलवून पाहिला. उडाला नाही. "घट्ट आहे," म्हणाले. आणि मग, "रिव्हर्स कुठे पडतो गं हिचा?"
सांगितला. सांगायला नको होता.
"आण चावी."
चावी आणते म्हणून आत आले ती इथे बसून हे लिहितेय. चावी समोर टेबलावर. गाडीची काळजी नाही, त्यांच्या डोळ्यांची आहे. आणि त्या दिवशी मीच म्हणाले ना, काम नसलं तरी चला? त्यांनी स्वतःच काम शोधून काढलं. मेला हट्टी बाप. मी कुणावर गेलेय ते आज कळतंय.
बाहेर हॉर्न वाजवतायत. थांबतच नाहीयेत.